फळीच्या पलीकडचा विमा

अण्णांच्या दुकानातून बाहेर पडलेला विमा एजंट सोलापूरच्या मंगळवार पेठेत लांबून ओळखू यायचा. त्याचा घसा बसलेला असायचा. कोपऱ्यावरचा चहावाला अशा गिऱ्हाइकाला काही न विचारता आल्याचा चहा पुढे करायचा आणि म्हणायचा, "अण्णांकडनं आलासा न्हवं? बसा. बोलू नगासा."

त्या बाकावर मीही पुष्कळ चहा प्यालो आहे. एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. सकाळी मी शाळेत भूगोल शिकवायचो. भूगोलात पोट भरेना म्हणून संध्याकाळसाठी मुंबईच्या एका कंपनीची आगीच्या विम्याची एजन्सी घेतली होती. माणसाचा विमा लोकांना नुकता कुठे पटू लागला होता. दुकानाचा विमा म्हटलं की "दुकान काय मरतंय व्हय?" असं विचारून लोक मला हसत वाटेला लावायचे. अशा गावात एक दुकानदार आपण होऊन एजंटांना निरोप धाडतो, हे ऐकल्यावर मी सायकलवर टांग मारली ती थेट त्याच्या दारातच उतरलो.

नाव गुरुलिंगप्पा, पण सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणायची. मूळचे मैंदर्गीचे. घरची भाषा कानडी, दुकानातली मराठी. कपाळाला विभूती, अंगात पैरण, डोक्याला पांढरा रुमाल. बायको तरुणपणीच वारलेली, मूलबाळ नाही. दुकान दोरांचं: कासरे, वेसणी, सोल, सुतळी, गोणपाट आणि काथ्याचे ढीग. दुकानाच्या एका अंगाला भिंतीऐवजी सागवानी फळ्यांचा आडोसा होता आणि त्या आडोशावर निरनिराळ्या विमा कंपन्यांची कॅलेंडरं टांगलेली होती. एकाच महिन्याला इतके देव मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत.

"बसा," अण्णा गरजले. "कुटली कंपनी?"

मी समजलो, बिचारे ठार बहिरे आहेत. मग मीही शाळेच्या मैदानावर लावतो तसा आवाज लावला आणि कंपनीचं नाव सांगितलं.

त्यानंतर अण्णांनी कंपनीची जी चौकशी केली, ती आपल्याकडे मुलगी देताना करतात. कंपनीचं मूळ गाव कुठलं? कर्ता कोण? घराण्यात कधी दिवाळं निघालंय का? मी घसा खरवडून एकेकाचं उत्तर देत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्या सायबानं सवताच्या घराचा इमा काढलाय व्हय?"

"काढलाच असेल," मी ओरडलो.

"आसंल म्हंजी? इचारून या. आन् कुटल्या कंपनीचा काढलाय ते बी इचारा. सवताच्या न्हाय काढला, तर आमी का काढावा?"

मी गेलो, आणि पुढच्या खेपेला "आमच्याच कंपनीचा काढलाय" असं ठोकून दिलं. साहेबाला घर होतं की नाही हेही मला ठाऊक नव्हतं. पण तेवढ्यानं कुठे भागणार? अण्णांचं खरं प्रकरण त्याच्या पुढे सुरू व्हायचं. "समजा, लागली," ते म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाची सुरुवात हीच. 'आग' हा शब्द ते तोंडाने उच्चारत नसत, अपशकुन म्हणून.

"समजा, लागली. इझवायला लोक आले आन् पानी मारून माल भिजीवला. मंग?"

"त्याचे पैसे मिळतात."

"समजा, लागली. पन हितं न्हाय, शेजारी लागली. आन् धुरानं माल काळा पडला. मंग?"

"तेही मिळतात."

"समजा, लागली. आन् दुकानदारच बिडी वडत बसला हुता. मंग?"

हा प्रश्न सगळ्यांत मोठ्या आवाजात यायचा, आणि तो माझ्याकडे बघून नव्हे तर फळ्यांकडे बघून. मी ओरडून सांगायचो की काथ्याच्या शेजारी बिडी ओढणं फार वाईट, कंपनी मग खळखळ करते, ओढायचीच असेल तर निदान पाण्याचं भांडं जवळ ठेवावं. अण्णा त्यातला शब्द न् शब्द कॅलेंडरांना ऐकवायचे. "काय म्हनता? बिडी वडू नये? ठिनगी पडली की संपलं? पान्याचं भांडं जवळ ठिवावं? शानपनाचं बोलता, मास्तर."

मग फळ्यांपलीकडून कुणीतरी खोकायचं आणि अण्णा खाली बसायचे. त्या दिवसापुरती चर्चा संपलेली असायची. पॉलिसी काही घ्यायचे नाहीत. पंधरा दिवसांनी दुसऱ्या कंपनीचा एजंट ओरडून जायचा, मग तिसऱ्या कंपनीचा, आणि फिरून माझी पाळी यायची. आम्हा एजंटांत म्हण पडली होती की, अण्णांचा विमा आणि गिरणी मालकाची दया यांची वाट बघू नये.

मला पडायचं ते कोडं वेगळंच. अण्णा स्वतः बिडीला शिवत नव्हते. पान नाही, तपकीर नाही. दिवेलागणीला दुकान बंद, कारण आत दिवा लावायचाच नाही. दिवाळीत सगळी पेठ रोषणाई बघत हिंडायची आणि हे ओली गोणपाटं मांडीवर घेऊन दारात बसायचे. एवढ्या जपणाऱ्या माणसाला बिडीची धास्ती कशाची? पण बहिऱ्या माणसाला असले नाजूक प्रश्न विचारायचे म्हणजे सगळ्या पेठेला ऐकवणं आलं.

एक दिवस असाच ओरडून थकलो आणि कागद पिशवीत कोंबता कोंबता तोंडातल्या तोंडात पुटपुटलो, "हा म्हातारा काही घेत नाही."

"घेतो की," अण्णा हळूच म्हणाले.

मी बघतच राहिलो. इतके महिने ज्याच्यासाठी मी गळा फाडत होतो, त्याला सुई पडलेली ऐकू येत होती.

"मग हा आरडाओरडा कशाला अण्णा?"

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि मला चालवत सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी नेलं. तिथे पायरीवर बसून ते पहिल्यांदाच माणसासारख्या आवाजात बोलले. तो आवाज फार मऊ होता.

फळ्यांच्या पलीकडे त्यांचा धाकटा भाऊ होता, बसप्पा. वडिलांच्या वेळी दुकान एकच होतं. बैलाला लागतं ते सगळं तिथे मिळायचं. थोरला दोराचं बघायचा, धाकटा साजाचं: गोंडे, झुली, घुंगरमाळा. धाकट्याला बिडीचा नाद. एका संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेत, दुकानात गिऱ्हाइकांची दाटी असताना, त्याने जळतं थोटूक काथ्यात टाकलं. ठिणगी धुमसली. अण्णांनी ती पायाने विझवली आणि सगळ्या बाजारादेखत भावाला नाही नाही ते बोलले. बसप्पाने उलट शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी सुतार आणून मधोमध फळ्या ठोकल्या, आपल्या अर्ध्याला वेगळं दार पाडलं, आणि तेव्हापासून दोघांत अबोला.

अबोल्याची गंमत अशी की त्याचा भुर्दंड गिऱ्हाइकाला पडतो. बैलांच्या सणाच्या, बेंदराच्या आधी मोहोळकडून आलेल्या शेतकऱ्याने अण्णांकडून कासरा घ्यायचा, बाहेर यायचं, पुन्हा पायरी चढायची आणि बसप्पाकडून गोंडे घ्यायचे. "मालक, बैल एकच हाय की. दुकानं दोन कशापायी?" असं एकाने मला विचारलं होतं.

"बिडी सोडली न्हाय त्यानं," अण्णा तळ्याकडे बघत म्हणाले. "रातचा दुकानातच निजतो. एकटा गडी, लगीन केलं न्हाय. समजा, लागली… झोपंत कळंल व्हय त्याला? मी त्वांड उघडून सांगू शकत न्हाय. म्हनून तुमी लोक येता तवा तुमच्या तोंडानं सांगतो."

"आणि विमा?"

"त्योच घ्यायचाय की. पन माज्या दुकानाचा न्हाय. फळीपल्याडच्या दुकानाचा. मी हप्ता भरतो. कुटली बी कंपनी चालंल. त्येला ठावं पडू नये, एवडंच."

मी त्यांना समजावून सांगितलं की असं होत नसतं. ज्या मालाशी आपला हितसंबंध नाही, त्याचा विमा काढता येत नाही. नाहीतर लोक शेजाऱ्याच्या घराचा विमा काढतील आणि मग काडी लावतील.

अण्णांचा चेहरा उतरला. "मी काडी लावीन व्हय त्याच्या दुकानाला?"

"तुम्ही नाही हो. नियम सगळ्यांसाठी असतो."

"सक्का भाऊ हाय माजा. यापरीस हितसंबंध कसला?"

"अण्णा, कंपनीला भाऊ चालत नाही. मालक लागतो."

त्यांनी पायरीवरचा एक खडा उचलून तळ्यात टाकला. मग म्हणाले, "सगळ्या कंपन्यांचं आसंच हाय. पाच-सा जनांना इचारलं. एकाला तरी भाऊ आसंल वाटलं हुतं."

एकच वाट उरली होती: पॉलिसी बसप्पाच्या नावाने, सही बसप्पाची आणि हप्ता गुपचूप अण्णांचा. वकिली माझ्याकडे आली. मी दुसऱ्या दिवशी पलीकडच्या दाराने आत शिरलो. डोकं घुंगरमाळांना लागून असा काही गजर झाला की वाटलं, बैलजोडीच आत आली. रंगीत गोंड्यांच्या मधे एक वाळकुडा, हसऱ्या डोळ्यांचा माणूस बिडी ओढत बसला होता.

"या, भूगोलवाले मास्तर," तो म्हणाला. "आवाज वळखीचा हाय तुमचा. टोपी कसली घालता तेवडंच ठावं नव्हतं."

मी तोंड उघडायच्या आत त्याने मला सगळ्या कंपन्यांचे नियम म्हणून दाखवले. कोण पाण्याने भिजलेल्या मालाचे पैसे देतो, कोण दंगलीचे देत नाही, कुणाच्या साहेबाने स्वतःच्या घराचा विमा काढलाय. माझ्या वर्गातल्या पोरांना नद्याही इतक्या पाठ नव्हत्या.

"मग घेऊन टाका की," मी म्हणालो. "एवढं सगळं कळतंय तर."

"अण्णानं धाडलंय न्हवं तुमाला?"

मी नाही म्हणालो. माझं खोटं त्याला दिसलं असावं. तो हसला.

"मास्तर, मी सई केली की काम झालं. मंग त्यो कुनाला बोलावील? कशापायी वरडंल? म्हैन्याकाठी दोन येळा त्याचा आवाज कानावर पडतो. तेवडाबी बंद व्हईल की."

"तुम्हीच का नाही बोलत मग?"

"थोरला हाय त्यो. समद्या बाजारादेकत बोललाय मला. आदी त्यानं हाक मारावी." बिडी संपली होती. मांडीशेजारी जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक भांडं पाण्याने भरून ठेवलेलं होतं. त्याने थोटूक त्यात बुडवलं आणि ते चुरचुरून विझेपर्यंत बोटांत धरून ठेवलं. "यातलं काय सांगू नगा त्येला. सिद्रामेश्वराची आन हाय तुमाला."

मी अण्णांना एवढंच सांगितलं की, विचार करतो म्हणाले. अण्णांना त्यातही बरं वाटलं. "करू दे इचार. घाई न्हाय," ते म्हणाले, आणि पुढच्या आठवड्यात पुण्याच्या एका नव्या कंपनीच्या एजंटाला त्यांनी बोलावणं धाडलं. तो गृहस्थ संध्याकाळी चहावाल्याच्या बाकावर दिसला. मी त्याला खडीसाखर दिली.

असं काही वर्षं चाललं. फळीच्या अलीकडे मी ओरडायचो, पलीकडे खोकला व्हायचा. मला त्या दोघांचा राग येत असे. दोन दारांत पाच पावलांचं अंतर, आणि मधे आम्ही परगावच्या कंपन्यांचे लोक घसे फोडतोय. पण खरं सांगू? मला त्यांचा थोडा हेवाही वाटायचा. माझा भाऊ मुंबईला होता. आमच्यात भांडण नव्हतं आणि बोलणंही नव्हतं.

एका उन्हाळ्यात बसप्पा तापाने पडला. शेजारची एक बाई त्याला पेज आणून द्यायची, वैद्याच्या पुड्या चालू होत्या. शाळेला सुट्टी होती. अण्णांनी मला दुपारी बोलावलं, मग रोजच बोलवू लागले. सोलापूरच्या त्या उन्हात पेठ सगळी दारं लावून निजलेली असायची आणि आम्ही दोघे दोरांच्या ढिगात बसून गर्जना करायचो.

"समजा, लागली, मास्तर."

"समजा, अण्णा."

"तापाचा इमा निघतो व्हय?"

"अजून नाही निघत."

"काडाया पायजे. पेज येळेवर खाल्ली तर हप्ता कमी करत्यात का?"

"करतील. पेज खाणाऱ्याला सवलत असते."

"आन् वैद्याची पुडी चुकीवली तर?"

"मग पॉलिसी रद्द."

पलीकडून खोकला यायचा. कधी त्या खोकल्यात मला हसू ऐकू येई. अण्णा त्या आवाजाकडे कान लावून बसायचे आणि मला दम खायला द्यायचे.

मी एकदा चिडून म्हणालो, "अण्णा, उठा आणि जा ना पलीकडे. कुणाचा मान राखताय आता?"

"मी थोरला हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "धाकल्यानं आदी बोलावं." पण त्यात आता जोर उरला नव्हता. हट्टाने हट्ट करणाऱ्यालाच धरून ठेवलं होतं आणि सोडवणार कोण, असा प्रकार होता.

त्या आठवड्यातच एका दुपारी ते नेहमीप्रमाणे ओरडले, "समजा, लागली." आम्ही थांबलो. खोकला आला नाही. अण्णा पुन्हा ओरडले. पुन्हा काही नाही. घुंगरमाळांतलं एकही घुंगरू वाजलं नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं, मग फळ्यांवरच्या कॅलेंडरांकडे. मग ते उठले, पायरी उतरले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा शेजारची पायरी चढले. मी मागोमाग गेलो. आत सगळ्या घुंगरमाळा त्यांच्या डोक्याला लागून एकदम वाजल्या.

"तम्मा," त्यांनी हाक मारली. कानडीत धाकट्या भावाला असंच म्हणतात. "ए तम्मा."

हाक पहिल्यांदा थोरल्याकडूनच गेली. ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

त्यांच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून मातीत ठेवतात. विभूती लावून, फुलं वाहून बसप्पाला ठेवलं तेव्हा मी बाजूला उभा होतो. माती लोटून झाल्यावर अण्णा माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "आमच्यात आग न्हाय. बरं हाय." तो शब्द त्यांच्या तोंडून मी तेव्हा एकदाच ऐकला.

महिन्याभराने निरोप आला. मी गेलो तर दुकान ओळखू येईना. फळ्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या, कॅलेंडरं गुंडाळली होती. इकडे दोर, तिकडे गोंडे, आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात अण्णा बसले होते. त्यांच्यासमोर जर्मनचं ते भांडं होतं. पाणी आटून गेलं होतं आणि तळाशी भिजून वाळलेल्या थोटकांचा थर होता.

"बगा," ते म्हणाले. इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "पान्यात इझवत हुता."

ज्याने आण घातली तो गेला होता. मी अण्णांना सगळं सांगितलं. त्याला कंपन्यांचे नियम कसे पाठ होते ते सांगितलं. सही का केली नाही, तेही सांगितलं.

अण्णा ते भांडं हातात घेऊन फिरवत राहिले. "म्हंजी ऐकत हुता," ते म्हणाले. मग भांडं खाली ठेवत, "मला वाटायचं, खोकला झालाय त्याला."

बाहेर एक शेतकरी येऊन घुंगरमाळेचा भाव विचारून गेला. अण्णांना भाव ठाऊक नव्हता. त्यांनी त्याला उद्या ये म्हणून सांगितलं.

"मास्तर," मग ते म्हणाले, "ह्या अंगाचा इमा मिळंल व्हय आता? का आजून हितसंबंध न्हाय?"

"मिळेल की, अण्णा," मी म्हणालो. "तुम्हीच वारस, आता मालक तुम्हीच. कुठलीही कंपनी देईल."

इतक्या वर्षांची सवय. मी ते असं ओरडून सांगितलं की कोपऱ्यावरच्या चहावाल्यानेही मान वळवून बघितलं.

अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हळू बोला, मास्तर," ते म्हणाले. "पल्याड कोन न्हाय आता."